वडिलांना पहाटे दरदरून घाम आणि असंबद्ध बोलणे: आत्ताच रुग्णालयात न्यावे का?

कृष्णाकाठ:
नमस्कार. आज पहाटे आईने हाक मारली म्हणून धावत गेलो, तेव्हा बाबांचा (वय ७४) सदरा घामाने चिंब झाला होता, हात थरथरत होते आणि ते मला काकांच्या नावाने हाक मारीत होते. आईने साखरपाणी पाजल्यावर अर्ध्या तासाने ते नीट बोलू लागले. आता दवाखान्याला साफ नकार देऊन झोपले आहेत. त्यांना बळेच न्यावे, की नेहमीचे डॉक्टर दहा वाजता येईपर्यंत थांबावे? कृपया लगेच सांगा, आहारविहाराचे सल्ले नंतर वाचेन.

देवराई:
त्यांना मधुमेह आहे का? कोणती औषधे चालू आहेत? रक्तातील साखर मोजली होती का? यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही.

जुनी_ओसरी:
माझ्या थोरल्या बंधूंना झालेल्या अर्धांगवायूची सुरुवात अशाच असंबद्ध बोलण्याने झाली होती. वडिलांना हसायला सांगून तोंड वाकडे होते का ते पाहा आणि दोन्ही हात वर धरायला लावा. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते, म्हणून वेळ न दवडता १०८ ला फोन करा.

कृष्णाकाठ:
तोंड सरळ आहे, हातांत जोर आहे. मधुमेह जुनाच आहे, म्हणून तर आईने साखरपाणी दिले. तेव्हा मोजणे सुचले नाही, पण साखरपाण्यानंतर ते पुन्हा झोपण्यापूर्वी मोजली, ११२ होती. काल आषाढी एकादशी होती, त्यांनी दुपारी थोडी साबुदाण्याची खिचडी आणि रात्री फक्त दूध घेतले. आता ११२ आहे म्हणजे धोका टळला ना?

शेवंती:
मधुमेह्याला साखर पाजणे मला तरी पटत नाही. आमच्याकडे चक्कर आली की कांदा हुंगवतात.

रात्रपाळी:
मी मेडिसिन वॉर्डात परिचारिका आहे. शेवंतीताई, कांद्याने रक्तातील साखर वाढत नाही, आणि या प्रसंगी ती वाढवणे हाच उपचार आहे. जुनी_ओसरी यांची शंका रास्त आहे, परंतु साखर फार उतरली तरीही जीभ अडखळते, कधी एक बाजू लुळी पडते, म्हणून मधुमेह्याची साखर आधी मोजावी. ग्लुकोमीटर हाताशी नसेल, तर मात्र १०८ ला फोन करायला थांबू नये.

कृष्णाकाठ, गोळ्यांच्या पाकिटावरची नावे जशीच्या तशी लिहा.

घाटवाट:
आम्ही वडिलांच्या दंडावर सतत साखर मोजणारा सेन्सर बसवला आहे, त्यामुळे रात्री भ्रमणध्वनीवर इशारा मिळतो. आपणही तो अवश्य बसवावा.

देवराई:
तो विषय पुढच्या आठवड्याचा आहे, आत्ता त्यांना पाकीट शोधू द्या.

कृष्णाकाठ:
एकाच गोळीत ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज आहे, ती दोन वेळा घेतात. कालही दोन्ही वेळा घेतली. मागच्या तपासणीत क्रिएटिनिन १.९ होते.

रात्रपाळी:
मग थांबू नका, त्यांना आत्ताच उठवून पुन्हा साखर मोजा. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावत राहते, आणि क्रिएटिनिन इतके वाढलेले म्हणजे मूत्रपिंडे मंदावलेली, त्यामुळे त्याचा अंमल लांबतो. ११२ हा आकडा साखरपाण्याचा होता, ते जिरले की साखर पुन्हा उतरू शकते. अशा रुग्णाला निदान एक दिवस देखरेखीखाली ठेवावे लागते. शिवाय व्होग्लिबोज घरच्या साखरेचे पचन लांबवते, त्यांना सावरायला अर्धा तास लागण्याचे तेही कारण असू शकेल. म्हणून औषधाच्या दुकानातील ग्लुकोज पावडरच १५ ग्रॅम पाण्यात द्या, पंधरा मिनिटांनी मोजा आणि ७० च्या खाली असेल तर पुन्हा द्या. सकाळची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

कृष्णाकाठ:
६१ निघाली. पुन्हा घाम फुटला आहे, पण ओळखतात आणि नीट गिळतात. शेजाऱ्यांकडून पावडर आणून दिली. त्यांचीच गाडी दाराशी आली आहे.

रात्रपाळी:
निघा. पावडर, पाणी, ग्लुकोमीटर, गोळ्यांचे पाकीट आणि क्रिएटिनिनचा अहवाल बरोबर घ्या, आणि मागच्या आसनावर त्यांच्याशेजारी कुणीतरी बोलत बसा. शुद्ध हरपू लागली तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा. पोहोचताच ‘मधुमेह आहे, ग्लिमेपिराइड घेतात, साखर ६१ होती’ एवढे आधी सांगा.

जुनी_ओसरी:
बरे वाटल्यावर ते घरी चला म्हणतील, तेव्हा डॉक्टर सांगेपर्यंत आणू नका.