विषय: क्रांकनकासेच्या (जर्मनीतील सार्वजनिक आरोग्य विमा संस्थेच्या) कार्डावर तपासणारे हृदयरोगतज्ज्ञ, श्टुटगार्ट परिसर

सप्रेम नमस्कार मंडळी,

माझ्या यजमानांना (वय ५३) गेल्या महिन्यापासून अधूनमधून ठोका चुकल्यासारखे वाटते. फॅमिली डॉक्टरांनी ईसीजी काढला, घाबरण्यासारखे काही नाही असे सांगितले आणि हृदयरोगतज्ज्ञांसाठी यूबरवायझुंग (तज्ज्ञांकडे पाठवण्याची चिठ्ठी) दिले. त्यानंतर मी नऊ दवाखान्यांना फोन केले. जिथे फोन उचलला गेला तिथे पहिला प्रश्न एकच होता, "गेझेट्सलिख की प्रिव्हाट?" (विमा सार्वजनिक की खासगी?) त्रास काय होतो, हे विचारण्याआधीच, सार्वजनिक विमा आहे एवढे कळताच चार ठिकाणी नवे रुग्ण घेत नसल्याचे सांगण्यात आले आणि एका ठिकाणी सात महिन्यांनंतरची तारीख देऊ केली. सार्वजनिक विम्याचे रुग्ण घेणारे चांगले डॉक्टर कोणाच्या माहितीत आहेत का? की पदरचे पैसे भरून खासगीत दाखवावे?

आपली,
अ. क., फेलबाख

---

ताई, सप्रेम नमस्कार.

पदरचे पैसे इतक्यात भरू नका. डॉक्टरांचे नाव शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा आपल्याजवळच्या चिठ्ठीकडे पाहा. तिच्यावर बारा अक्षरांचा एक कोड, बहुधा चिकटवलेल्या छोट्या पट्टीवर, छापलेला आहे का? नसल्यास फॅमिली डॉक्टरांकडे पुन्हा जाऊन तो मागून घ्या. तपासणी लवकर व्हायला हवी असे त्यांचे मत असेल तर ते कोड देतात. पण गर्दीत तो द्यायचा राहून जातो आणि आपणही भिडेखातर विचारत नाही.

कोड मिळाल्यावर ११६११७ या क्रमांकावर फोन करा किंवा त्याच सेवेच्या संकेतस्थळावर तो भरा. ही सेवा कासेच्या डॉक्टरांच्या प्रादेशिक संघटनेची आहे. तिने आठवडाभरात आपल्याला तारीख सुचवायची असते आणि ती तारीख पुढच्या चार आठवड्यांतली असावी लागते. दवाखान्यात जमले नाही, तर रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सोय करून द्यावी लागते. मात्र डॉक्टर कोण आणि कोणत्या गावचे, हे आपल्या हातात नसते.

स्वागतकक्षात तो प्रश्न का विचारतात, हेही सांगतो, म्हणजे राग थोडा कमी होईल. (माझा पूर्ण गेलेला नाही.) कासेच्या रुग्णांसाठी तज्ज्ञ डॉक्टरांना मिळणाऱ्या पैशांना दर तिमाहीला मर्यादा असते आणि ती ओलांडल्यावर पुढच्या कामाचा मोबदला कापला जातो, खासगी रुग्णाचे बिल मात्र दरपत्रकातील मूळ दराच्या सहसा २.३ पटीने होते. २०१९ च्या कायद्याने यात एक फट ठेवली आहे. ११६११७ मार्फत किंवा फॅमिली डॉक्टरांनी स्वतः फोन करून पाठवलेल्या रुग्णाचे पैसे त्या मर्यादेच्या बाहेर मिळतात, आणि रुग्णाला जितक्या लवकर तपासले तितका वरचा भत्ता अधिक. म्हणून "आमच्यासाठी आपणच एक फोन कराल का?" असे फॅमिली डॉक्टरांना विचारण्यात संकोच नको.

पाटीवर किंवा संकेतस्थळावर 'प्रिव्हाटप्राक्सिस' (खासगी रुग्णांचा दवाखाना) लिहिलेले असेल तर तो क्रमांक सोडून द्या. 'आले कासेन' (सर्व कासे) असेल तर आपले कार्ड चालते. तपासणीच्या वेळी एखादी जादा चाचणी स्वखर्चाने सुचवली गेली, तर सही करण्याआधी ती कासेतून का होत नाही, हे विचारा. जुने ईसीजी, रक्ताचे अहवाल आणि चालू गोळ्यांची यादी सोबत न्या. भारतातले अहवाल इंग्रजीत असले तरी चालतात.

आणि छातीत दुखू लागले, दम लागला किंवा भोवळ आली, तर यातले काहीही न करता थेट ११२ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा.

आपला,
वि. ज., एस्लिंगेन

---

काका, मीही याच प्रश्नावर लिहिते. पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांना ११६११७ मार्फत अशी तारीख मिळेल का?

रा. प., ब्योब्लिंगेन

---

नाही, कारण ती सोय कासेच्या सभासदांसाठी आहे, आणि कौटुंबिक विम्यात पती, पत्नी व मुले येतात, आईवडील येत नाहीत. त्यांच्यासाठी प्रवास विमाच पाहावा लागेल, आणि आधीपासून असलेल्या आजारांबद्दल त्यात काय लिहिले आहे ते तिकीट काढण्यापूर्वी वाचावे.

वि. ज.

---

काका, मनःपूर्वक आभार.

कोड चिठ्ठीवर नव्हताच. मागितल्यावर दोन मिनिटांत पट्टी छापून मिळाली आणि अठरा दिवसांनंतरची, बाकनांगची तारीख हाती आली. फेलबाखहून एस ३ ही लोकल गाडी थेट जाते, त्यामुळे गैरसोय काहीच नाही. चोवीस तासांचा ईसीजी लावला आहे.

एक गोष्ट इतरांसाठी लिहून ठेवते. यजमान आधी सगळीकडे 'हेर्त्सरासेन' म्हणत होते, म्हणजे छाती धडधडणे. बाकनांगच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना टेबलावर बोटांनी ठेका धरून दाखवायला सांगितले, मधला एक ठोका गळालेला पाहिला आणि म्हणाल्या, याला आम्ही 'हेर्त्सश्टोल्पर्न' म्हणतो, हृदय अडखळणे. दोन्हींच्या तपासण्यांचा रोख वेगळा असतो, तेव्हा फोनवरही नेमका शब्द सांगावा.

आपली,
अ. क.