मदत हवी आहे: खिशात मावणारी चांगली टॉर्च कोणती? शुक्रवारी रात्री निघायचंय

पाखाडीवाला
मंडळी, जरा घाईत आहे. खिशात मावेल अशी छोटी टॉर्च हवी आहे, दणकट, पावसात चालणारी. ऑनलाईन बघायला गेलो तर एक ९९ रुपयांना आणि एक ६ हजारांना, दोन्हींना लोकांनी पाच स्टार दिलेत, एकीवर १०००० लुमेन (उजेडाचं माप) लिहिलंय दुसरीवर ३००, आणि महागडी ती ३०० वाली आहे, डोकं चालेनासं झालंय. मोबाईलला टॉर्च असते की, असं कृपया कोणी सांगू नका, मोबाईलच्या भरवशावर राहूनच घोळ झालाय. शुक्रवारी रात्रीच्या कोकणकन्याने निघतोय, त्याआधी हातात पाहिजे. फक्त नाव सांगा, बाकी मी बघतो.

सोल्डरगन
बजेट किती? वापर कशासाठी? लांबचं बघायचंय की पायाजवळचं? हे सांगितल्याशिवाय कोणी नाव सांगत असेल तर ऐकू नका.
तोवर एक लक्षात ठेवा, हजाराच्या आतल्या टॉर्चवर १०००० लुमेन लिहिलं असेल तर ते धादांत खोटं आहे. मोबाईलचा फ्लॅश साधारण ४०-५० लुमेनचा असतो, त्यावरून अंदाज बांधा. लिथियम सेलचंही तसंच. १८६५० म्हणजे १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब सेल, त्या मापात चांगल्यातली चांगली कंपनी ३५००-३६०० एमएएच क्षमतेच्या आसपास थांबते, आणि बाजारात ९९०० छापलेले सेल मिळतात. तसला एक फोडून बघितलाय, आत छोटा सेल आणि बाकी पावडर भरलेली.
माझं मत विचाराल तर १८६५० वाली घ्या, सेल आणि चार्जर वेगळा घ्या, बरीच वर्षं बघायला नको.

भटका_सह्याद्री
हेडटॉर्च घ्या, विषय संपला. दोन्ही हात मोकळे राहतात. हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने करा नाहीतर कळसूबाईच्या शिड्या पहाटे चढा, हातात टॉर्च धरून चढणारे लोक दिसले की जीव वर येतो माझा. पॉकेट टॉर्च ही शहरातल्या लोकांची हौस.

पाखाडीवाला
ट्रेक नाही हो. बजेट हजार बाराशे. गावी लाईट जाते आणि रात्री घराबाहेर जावं लागतं, एवढंच.

विद्युतमित्र
लाईट जाते हा मूळ प्रॉब्लेम असेल तर टॉर्च हा उपाय नाहीच. छोटा इन्व्हर्टर बसवा, परसदारी एक एलईडी बल्ब त्यावर टाका, बटण दाबलं की अंगणात उजेड. सोलर पॅनलही जोडता येतं, कोकणात आठ महिने ऊन असतं. बॅटरी लेड अ‍ॅसिड घेतलीत, अगदी ट्युब्युलर असली तरी, अधूनमधून पाणी बघावं लागेल.

पाखाडीवाला
दादा, टॉर्च विचारली आहे. इन्व्हर्टर दिवाळीनंतर बघू.

कातळफूल
गाव कोणतं ते सोडा, पण तालुका तरी सांगा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वापरणार कोण? तुम्ही चार दिवस जाणार आणि परत येणार. मागे राहणाऱ्या माणसाला ती वापरायची असेल तर सगळं उत्तरच बदलतं.

पाखाडीवाला
दापोली तालुका. वापरणार आई. वय ७१, एकटीच असते. संडास घराच्या मागे, मधे जांभ्याची पाखाडी आहे सात-आठ पायऱ्यांची आणि बाजूने गडगा, म्हणजे दगडांचा बांध. मागच्या आठवड्यात पावसाने लाईट गेली ती दुसऱ्या दिवशीपर्यंत आली नाही, दिवसभर सगळ्यांचे फोन घेऊन मोबाईलचं चार्जिंग संपत आलेलं, रात्री उठली तर टॉर्च लागेचना, बॅटरी कमी आहे असा मेसेज यायचा आणि बंद. तशीच अंदाजाने निघाली. नशीब की शेजारचे काका त्याच वेळी बॅटरी घेऊन गोठ्याकडे जात होते, त्यांच्या उजेडात दिसलं, तिसऱ्या पायरीवर विषारी फुरसं साप बसलेला, जांभ्याच्याच रंगाचा. आई दुसऱ्या पायरीवर उभी. मला हे तिने सांगितलं नाही, काकांनी सांगितलं. म्हणून घाई आहे.

कातळफूल
हे आधी सांगायला हवं होतं ओ. आता बोलू.

ग्रामीण_डॉक्टर
टॉर्चबद्दल जाणकार सांगतीलच, मी दुसरं सांगतो. तालुक्याच्या ठिकाणी नोकरी झाली आहे, पावसाळ्यात रात्रीच्या सर्पदंशाच्या केसेस खूप बघितल्या, बहुतेक दंश घोट्याच्या आसपास. घरातल्यांना एवढं माहीत हवं: जखमेवर चीर मारायची नाही, दोरीने करकचून आवळायचं नाही, मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही. पाय न हलवता गाडीत घालून सरळ सरकारी दवाखाना, १०८ ला फोन. आपल्याकडचं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं चारही सापांवर चालतं, त्यामुळे साप मारून सोबत आणायच्या फंदात पडू नका. आणि दंश झालेल्या माणसाच्या पायातली जोडवी, पैंजण लगेच काढा, सूज आली की निघत नाहीत.

खेडकर_आबा
साप उजेडाला घाबरतो. आमच्याकडे पूर्वी कंदील घेऊन फिरायचे, कधी काही झालं नाही. मोठी तीन सेलची बॅटरी घ्या, लांबूनच पळतात.

ग्रामीण_डॉक्टर
आबा, आदर ठेवून सांगतो, उजेडाने साप हटत नाही. फुरसं तर मुळीच हलत नाही, जागच्या जागी वेटोळं घालून अंग अंगावर घासत खर्र खर्र आवाज करतं. उजेड आपल्याला दिसावं म्हणून असतो. जमिनीचा हादरा सापाला कळतो, म्हणून काठी आपटत जायचं, ते जास्त कामाचं.

भटका_सह्याद्री
बघा, एका हातात काठी आली. आता दुसऱ्या हाताने गडगा धरायचा की टॉर्च? म्हणून म्हणतोय हेडटॉर्च. मी पहिल्यांदाच सांगितलं होतं.

रात्रपाळी
हेडटॉर्च पाऊसकाळात म्हाताऱ्या माणसाला देऊ नका. मी रेल्वेत ट्रॅकवर काम करतो, सगळ्या प्रकारचा उजेड वापरून झालाय. पावसात किंवा धुक्यात कपाळावरचा उजेड थेंबांवरून उलटा डोळ्यात येतो, समोर पांढरा पडदा. शिवाय पाखरं सगळी तोंडावर. आणि अजून एक, उजेड डोळ्याच्याच रेषेत असला की दगडाची सावली दिसत नाही, वाट सपाट वाटते. टॉर्च कमरेच्या उंचीला धरा, तिरका उजेड पडतो, प्रत्येक पायरीची कड, खड्डा, बसलेलं जनावर सावलीसकट उठून दिसतं. करून बघा घरात, जमिनीवर दोरी टाका आणि दोन्ही तऱ्हांनी बघा.

भटका_सह्याद्री
हेडटॉर्च हातातही धरता येते की. आणि चांगल्या हेडटॉर्चचा उजेड खाली वळवता येतो. तुम्ही स्वस्तातली वापरली असेल.

रात्रपाळी
हातातच धरायची तर मग हेडटॉर्च कशाला.

अंगणतुळस
मी टॉर्चमधली तज्ज्ञ नाही पण एक विचारते. तुमच्या आई साडी नेसतात की गाऊन? कारण इथे सगळे खिशात मावणारी, खिशात मावणारी म्हणताहेत आणि साडीला खिसा कुठे असतो? माझ्या सासूबाईंना मुलाने इतकी सुंदर टॉर्च आणून दिली, ती कपाटात. विचारलं तर म्हणाल्या, ठेवू कुठे? कमरेला खोचली तर निसटते. शेवटी मी गोफाची दोरी घालून गळ्यात अडकवून दिली, आता झोपतानाही उशाशी असते. तर दोरी ओवायला मागे भोक आहे का ते आधी बघा. खूप टॉर्चना नसतं.
दुसरं, हात कसे आहेत त्यांचे? सांधे दुखतात का?

पाखाडीवाला
ताई, साडीच. आणि हो, बोटांचा संधिवात आहे, बाटलीचं झाकण उघडायला शेजारच्या मुलीला हाक मारते. हे डोक्यातच नव्हतं आलं.

सोल्डरगन
मग पिळून लावायची टॉर्च बाद. बारीक रबरी बटण बाद, झूम करायची सरकती मान पण बाद. आणि मुख्य म्हणजे मोडवाली टॉर्च बाद. या स्वस्त टॉर्चना बहुतेक एकच बटण असतं, एकदा दाबलं की फुल, परत दाबलं की मंद, परत दाबलं की लुकलुक, परत दाबलं की एसओएस, म्हणजे संकटाचा इशारा. अर्धवट झोपेत पाखाडीवर उजेड लुकलुकायला लागला तर तोल जाईल माणसाचा. एक बटण, दाबलं की लागली, दाबलं की बंद. मोठं बटण, अंगठ्याखाली येणारं. १००-१५० लुमेन घराच्या आवाराला पुष्कळ झाले, त्यापेक्षा जास्त असला तर ओल्या चिऱ्यावरून चमकतो.
वॉर्म व्हाईट, म्हणजे पिवळसर उजेड, मिळाला तर तोच घ्या. निळसर पांढऱ्या उजेडात माती, पाचोळा आणि साप यांचे रंग नीट वेगळे दिसत नाहीत.
सेलबद्दल माझं मत तेच, लिथियम रिचार्जेबल.

कातळफूल
लिथियमला माझा ठाम विरोध, निदान या घरासाठी. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं तेव्हा आमच्याकडे मंडणगड-दापोली भागात कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती. पावसाळ्यात टॉर्च लागते तीच मुळी लाईट गेल्यावर, आणि चार्जिंगची टॉर्च लाईट गेल्यावर चार्ज कशी करणार? पेन्सिल सेल वाडीतल्या दुकानात मिळतो, बिस्किटाच्या पुड्याशेजारी टांगलेला असतो. दोन पेन्सिल सेलची टॉर्च घ्या.

सोल्डरगन
पॉवर बँक असते ना.

कातळफूल
ती पण चार्ज करून ठेवावी लागते. मुलगा मुंबईत, आई एकटी. कोणी आठवण करायची?

सोल्डरगन
बरं, पेन्सिल सेल मान्य, पण मग दोन गोष्टी पाळा. ते साधे स्वस्त सेल टॉर्चमध्ये महिनोन् महिने ठेवले की पाझरतात, स्प्रिंगवर पांढरी-हिरवी बुरशी धरल्यासारखी दिसते, टॉर्च गेली. अल्कलाईनपण पाझरतात. वर्षातून दोनदा बदला, चालू असले तरी. नाहीतर निकेल मेटल हायड्राईडचे रिचार्जेबल पेन्सिल सेल घ्या, १.२ व्होल्टचे असतात पण एलईडीला चालतात, ते पाझरण्याचं प्रमाण फार कमी. आणि पेन्सिल सेलसारखाच दिसणारा १४५०० नावाचा लिथियम सेल मिळतो, तो ३.७ व्होल्टचा असतो, चुकून साध्या टॉर्चमध्ये घातलात तर एलईडी जळेल.
टाईप सी चार्जिंगची घ्यायचीच ठरली तर सोबतची केबल जपा, स्वस्तातल्या बऱ्याच टॉर्च दोन्ही बाजूंनी सी असलेल्या केबलवर चार्ज होत नाहीत.

काजवा२२
विषय निघालाच आहे तर सांगते, मे अखेरीस भंडारदरा, घाटघर, पुरुषवाडीला काजवे बघायला जाणाऱ्यांनी कृपया असल्या झगझगीत टॉर्च नेऊ नका. झाडावर उजेड मारला की नर-मादीचा लुकलुकण्याचा खेळच बंद पडतो आणि तोच त्यांच्या विणीचा काळ असतो. न्यायचीच तर काचेवर लाल जिलेटिन कागद लावा आणि जमिनीकडे धरा. गेल्या वेळी लोक अक्षरशः झाडावर टॉर्च मारून रील काढत होते, फार वाईट वाटलं.

विद्युतमित्र
विमानात नेणार असाल तर सुटे लिथियम सेल केबिन बॅगेत ठेवावे लागतात, चेक-इनमध्ये चालत नाहीत.

कातळफूल
ते कोकणकन्याने चाललेत.

प्रवासी_अप्परबर्थ
कोकणकन्यामध्येपण टॉर्च लागतेच! रात्री सगळे झोपलेले असताना सीटखाली चप्पल शोधायला मोबाईलचा फ्लॅश मारला की समोरचं बाळ उठतं. अगदी मिणमिणता उजेड देणारी एक छोटी टॉर्च मी किल्ल्यांच्या जुडग्यालाच लावलीय. गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे बघायला, मीटरचं रीडिंग घ्यायला, गॅसच्या शेगडीखाली पडलेलं लायटर काढायला, दिवसातून एकदा तरी लागते. दिवसाढवळ्याच जास्त.

अंगणतुळस
पाखाडीवालादादा, एक टॉर्च नको, दोन घ्या, सारख्याच. एक गळ्यात, एक मागच्या दाराच्या खिळ्याला कायमची. त्या दारातूनच बाहेर पडतात ना त्या? दाराची कडी काढताना हाताला लागली पाहिजे. आणि दाराजवळ काठीपण. चपला नकोत, बंद बूट किंवा गमबूट ठेवा तिथेच, डॉक्टर म्हणाले ना घोट्याजवळ चावतं.

ग्रामीण_डॉक्टर
गमबूट उत्तम. घालायच्या आधी उलटा करून झटकायचा, आत विंचू असू शकतो.

पाखाडीवाला
सगळ्यांचे मनापासून आभार. आज ऑफिसमधून निघून लोहार चाळीत, मुंबईतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, जाऊन आलो. दोन पेन्सिल सेलची, मोठं बटण, एकच उजेड, मागे दोरीला भोक, २८० ला एक, दोन घेतल्या. उजेड पिवळसर मिळाला नाही, पांढराच आहे. रात्रपाळीदादांनी सांगितलेलं हॉलमध्ये करून बघितलं, चार्जरची काळी वायर जमिनीवर टाकून, डोळ्याजवळून टॉर्च मारली तर वायर पटकन सापडेना, कमरेशी धरली तर लगेच दिसली. आईला तसंच करून दाखवणार आहे.
आता एकच विचारायचंय, पांढऱ्या उजेडावर पिवळा कागद चिकटवला तर चालेल का? आणि सेल कुठले घालू?

सोल्डरगन
कागद नको, पावसात भिजून निघेल आणि उजेडही कमी होईल. आहे तशीच वापरा, पांढरा उजेड अंधारापेक्षा लाख पटीने बरा. सेल अल्कलाईन घ्या, पाकिटावरची तारीख बघून, दोन्ही एकाच पाकिटातले. जुना आणि नवा एकत्र घालायचा नाही, पाझरायला तेही कारण होतं. दाराजवळच्या टॉर्चवर सेल घातल्याची तारीख मार्करने लिहून ठेवा.

खेडकर_आबा
दापोलीत असलात तर येताना कोकम आगळ घेऊन या, यंदाचं चांगलं आहे म्हणतात. आणि काकांना पेढे द्या.

पाखाडीवाला
आबा, पेढ्यांचा पुडा बॅगेत आधीच टाकलाय. टॉर्चवर तारीखपण लिहिली.