१९४० फोर्ड कूपेत शेवीचं ३५०: हेडर घ्यावेत की बिडाचे मॅनिफोल्ड?

नोव्हीकर

मंडळी, मिशिगनात राहतो. गॅरेजमध्ये १९४० ची फोर्ड डिलक्स कूपे आहे. तिचं मूळ फ्लॅटहेड व्ही-८ (२२१ घनइंच, ८५ हॉर्सपॉवर) ब्लॉकला तडा गेला म्हणून आधीच्या मालकानेच काढून ठेवलं होतं. त्या जागी मी शेवरोलेचं ३५० स्मॉल ब्लॉक बसवतोय. २९० हॉर्सपॉवरचं तयार इंजिन, फ्लॅट टॅपेट कॅम (झडपा उघडणारा दांडा, सपाट टॅपेटवर घासत फिरणारा), सरळ प्लगची बिडाची (ओतीव लोखंडाची) हेड, म्हणजे सिलिंडरवरची झाकणं, चार बॅरलचा कार्ब्युरेटर, मागे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स.

आता धूर बाहेर न्यायला हेडर (पोलादी पाइपांचे) लावायचे की मॅनिफोल्ड (एकसंध ओतलेले बिडाचे), हे ठरवायचंय. अडचण डाव्या बाजूला आहे. स्टिअरिंग बॉक्स मूळचाच ठेवलाय आणि तो नेमका डाव्या हेडखाली येतो. ब्रेकचा मास्टर सिलिंडरही मूळ जागीच, पायाखाली फ्रेमला लावलेला. तीन पर्याय दिसतात: ब्लॉकला चिकटून उतरणारे आखूड हेडर, म्हणजे ब्लॉक हगर, साठच्या दशकातले शेवरोलेचे रॅम्स हॉर्न मॅनिफोल्ड, किंवा सुटे पाइप आणून स्वतः वेल्डिंग. गाडी शर्यतीत पळवायची नाही. ऑगस्टमध्ये वुडवर्डवरच्या ड्रीम क्रूझला (डेट्रॉइटकडच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला) न्यायची आणि एरवी घरच्यांना घेऊन फिरायचं, एवढंच. सिरॅमिक कोटिंगचे हेडर सेलमध्ये मिळतायत, आजच मागवू का?

सॅन_होजे_मॉडेल_ए

माझ्या १९३१ च्या मॉडेल एमध्ये ३५० आहे, ब्लॉक हगर लावून आठ वर्षं झाली. १ ५/८ इंची पाइप, ३/८ इंच जाड फ्लँज (हेडला बोल्टने लागणारी पट्टी). वजनाला हलके, काढा-घालायला सोपे, दिसायलाही छान. पण माझ्याकडे स्टिअरिंगला व्हेगाचा (शेवरोलेच्या छोट्या गाडीचा) बॉक्स आहे, तो हेडच्या पुढे बसतो, त्यामुळे तुमची अडचण मला कधी आलीच नाही. फ्लँजची जाडी मात्र विचारूनच घ्या, पाव इंचाची नको.

शिरोलीचा_साचेवाला

नोव्हीकर, आज काहीच मागवू नका. आधी माझं ऐका, कारण ही चूक मी केलेली आहे.

मी मूळचा कोल्हापूरचा. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत अकरा वर्षं काढली, त्यातली बरीचशी कोअर शॉपमध्ये, म्हणजे ओतकामातल्या पोकळीसाठी वाळूचे गाभे (कोअर) बनवतात तिथे. नंतर ओहायोत टोलेडोला आलो. माझी गाडी १९३९ ची फोर्ड ट्यूडर, तुमच्या चाळीसच्या मागचंच वर्ष, आणि इंजिन तेच ३५०. इंजिन बसवायच्या आधीच मी स्वस्तातले ब्लॉक हगर घेऊन ठेवले होते. ते डावीकडे बसले, पण स्टिअरिंग बॉक्सपासून जेमतेम आठ मिलिमीटर अंतर राहिलं. उभ्या गाडीत पुरेसं वाटलं. रस्त्यावर आल्यावर रिव्हर्स टाकला की ठक् असा आवाज यायचा, पुढे जाताना कधीच नाही. दोन महिने मी यू-जॉइंट आणि स्प्रिंगचे बुश शोधत बसलो.

कारण असं. इंजिन रबरी माउंटवर असतं. पुढे जाताना जोर पडला की डावी बाजू वर उचलली जाते आणि आत सरकते. रिव्हर्समध्ये याच्या उलट, डावी बाजू खाली आणि बाहेर जाते, म्हणजे थेट स्टिअरिंग बॉक्सकडे. हेडर तिथे टेकत होता. स्टिअरिंगला काहीही टेकणं म्हणजे जिवाशी खेळ. निदान २० मिलिमीटर मोकळी जागा मिळाल्याशिवाय डावीकडचं काही पक्कं करू नका.

म्हणून क्रम उलटा करा. रिकामा ब्लॉक आणि दोन हेड बोल्टने जोडून फ्रेममध्ये ठेवा, गिअरबॉक्सची केस मागे लावा. स्टिअरिंग बॉक्स, कॉलम, पेडल, मास्टर सिलिंडर सगळं जागेवर हवं. मग इंजिन उजवीकडे सरकवून बघा. मी पाऊण इंच सरकवलं. क्रँकची रेषा आणि मागच्या पिनियनची (मागच्या ॲक्सलमधल्या छोट्या गिअरची) रेषा समांतर राहिली तर तेवढ्याने काही बिघडत नाही. सगळी जागा ठरली की मगच मॅनिफोल्ड.

मी शेवटी रॅम्स हॉर्न लावले आणि तुम्हालाही तेच सांगेन. एडक्याच्या शिंगांसारखे दोन्हीकडून वळून मध्यावर एकत्र येतात आणि तिथून सरळ खाली उतरतात. मागे-पुढे पसरत नाहीत, त्यामुळे माझ्या स्टिअरिंग बॉक्सशेजारून पाइप नीट उतरला. सरळ प्लगच्या हेडवर प्लगला पाना लावायलाही जागा राहते. तोंड दोन इंची आणि अडीच इंची अशा दोन मापांत मिळतात. जुन्या कॉर्व्हेटचे अडीच इंची महाग असतात, पण नवीन ओतलेलेही मिळतात. तुमच्या २९० हॉर्सपॉवरला अडीच इंची भरपूर झाले. हेडरने वरच्या आरपीएमला थोडी ताकद वाढेल हे खरं, पण बायकामुलांना घेऊन फिरताना तुम्ही त्या आरपीएमला किती वेळा जाणार?

आता बिडाबद्दल, कारण हे माझं काम होतं. जुना मॅनिफोल्ड घेताना तारेला टांगा आणि छोट्या हातोडीने वाजवा. बाजारात मडकं वाजवून घेतो तसंच. खणखणीत वाजला तर ठीक. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे, डोळ्यांना दिसो वा न दिसो. मग फेसवर (हेडला टेकणाऱ्या बाजूवर) पट्टी ठेवून खाली फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घाला. वर्षानुवर्षं तापून-निवून फेस वाकतो, तो मिलिंगवर साफ करून घ्यावा लागतो. तोंडातून बोट घालून भिंतीची जाडीही चाचपा. ओतताना कोअर थोडा सरकला तर एक बाजू जाड आणि दुसरी पातळ होते, आणि मॅनिफोल्ड पातळ बाजूलाच फुटतो. तडा गेलेलं बीड वेल्ड होतं, पण आधी भट्टीत तापवून, निकेलच्या रॉडने, आणि राखेत हळूहळू निववून. घाईने टाका मारला तर बाजूलाच नवा तडा जातो. हे मी शिरोलीत शंभरदा पाहिलंय.

बोल्ट पिळून आवळू नका. साधारण ४०० मिलिमीटरचा मॅनिफोल्ड ५०० अंशांनी तापला तर दोनेक मिलिमीटर लांबतो. हेड पाण्याने थंड राहतं, ते तेवढं वाढत नाही. मॅनिफोल्डला फेसवर सरकायला वाव हवा, नाहीतर टोकाचे कान तुटतात. म्हणूनच बोल्टची भोकं मोठी ठेवलेली असतात.

सेलमधल्या कोटिंगवाल्या हेडरबद्दल आणखी एक. तुमचा कॅम फ्लॅट टॅपेट आहे. पहिल्यांदा सुरू केल्यावर २० मिनिटं २००० ते २५०० आरपीएमवर धरावा लागेल. त्यात टायमिंग किंवा पेट्रोल-हवेचं मिश्रण थोडं चुकलं तरी हेडर लालबुंद होतात आणि नवं कोटिंग तिथल्या तिथे जातं. बिडाला त्याचं काही वाटत नाही. पाइपांना कापडी वेष्टणही गुंडाळू नका. मिशिगनच्या हवेत ते ओल धरतं आणि साध्या पोलादाचा पाइप आतल्या आत सडतो.

सॅन_होजे_मॉडेल_ए

साचेवाले काका, रिव्हर्सचं कारण आज कळलं. पण एका बाबतीत असहमत. वजन! बिडाची जोडी पुढच्या आडव्या स्प्रिंगवर भारच टाकते. चांगले जाड फ्लँजचे हेडर गळत नाहीत, माझे आठ वर्षांत एकदाही गळले नाहीत. नोव्हीकरांनी व्हेगाचा बॉक्स घातला तर अडचणच संपते.

शिरोलीचा_साचेवाला

व्हेगाचा बॉक्स घालायचा तर ड्रॅग लिंक (बॉक्सपासून चाकाकडे जाणारी दांडी), कॉलम सगळं बदलावं लागतं. तो वेगळा निर्णय आहे आणि चांगलाही असू शकतो. पण मॅनिफोल्डसाठी स्टिअरिंग बदलू नये असं माझं मत आहे. चाळीसची गाडी चालवताना हातात जे येतं ते त्या जुन्या बॉक्सचं असतं, मला ते आवडतं.

नोव्हीकर

दोघांचेही मनापासून आभार. हेडर मागवले नाहीत. शनिवारी रिकामा ब्लॉक फ्रेममध्ये ठेवला, ओळखीच्या एकाकडून रॅम्स हॉर्नची जोडी दोन दिवसांसाठी आणली. इंजिन अर्धा इंच उजवीकडे घेतल्यावर डावीकडे २२ मिलिमीटर मिळाले! उजवीकडे स्टार्टर आणि फ्युएल पंप, दोन्हींना जागा आहे. आणलेल्या जोडीतला एक वाजवला तर खणखणीत, दुसरा बद्द. मालकाला माहीतच नव्हतं. आता दोन प्रश्न. हेड आणि मॅनिफोल्डमध्ये पॅकिंग घालू की नको? आणि डावा पाइप मास्टर सिलिंडरपासून चार बोटांवरून जातोय, ते चालेल का?

शिरोलीचा_साचेवाला

बद्द वाजणारा परत करा, दुरुस्तीच्या भरीस पडू नका.

दोन्ही फेस मिलिंग केलेले आणि सपाट असतील तर पॅकिंगशिवाय लावा. कारखान्यातही अनेक स्मॉल ब्लॉकना तिथे पॅकिंग नसायचं. खालच्या तोंडाला मात्र डोनट पॅकिंग हवंच, आणि त्या तीन स्टडना पितळी नट घाला. पुढच्या वेळी उघडताना स्टडचे आटे जाणार नाहीत. चारपाच वेळा तापून-निवल्यावर एकदा नट तपासा.

मास्टर सिलिंडरचं मात्र गंभीरपणे घ्या. डॉट ३ चं नवं ब्रेक ऑइल २०५ अंश सेल्सियसला उकळतं, ओल धरलेलं १४० लाच. वुडवर्डवर तासन्‌तास गर्दीत सरकताना खालून वारा लागत नाही आणि पाइपची आच साठत जाते. ऑइल उकळलं की पेडल थेट तळाला जातं. पाइप फ्रेमच्या एक्स-मेंबरमधून (मधल्या X आकाराच्या पट्ट्यांमधून) उजवीकडे जेवढा ढकलता येईल तेवढा ढकला. मध्ये पत्र्याचं कवच बसवा, पण ते सिलिंडरला चिकटवू नका, बोटभर हवा खेळू द्या. डॉट ४ भरा.

वेल्डिंगच्या आधी पाइप नुसता टाके मारून उभा करा आणि खालून फोटो टाका. मास्टर सिलिंडर आणि पाइप दोन्ही एकाच फोटोत, शेजारी मोजपट्टी ठेवून.