महापुरात गावकरी हवेत की फक्त एनडीआरएफ?

भोगावतीकाठ: काल इथं एकानं लिहिलं, "पुरात गावकऱ्यांनी लुडबूड करू नये, एनडीआरएफ पुरेशी आहे." गप्प बसवत नाही. २०१९ ला कोल्हापूरला येताना शिरोलीजवळ हायवेच बुडाला होता. पुण्याहून एनडीआरएफचं, म्हणजे केंद्राच्या आपत्ती दलाचं पथक गाडीनं कसं पोचणार? नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीची माणसं घर सोडत नाहीत ती म्हशींपायी. कुणाच्या गोठ्यात किती जनावरं, हे दूध संस्थेच्या सचिवाला तोंडपाठ असतं. कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी, ४३ धोका पातळी. पण ३५-३६ फुटालाच ट्रॅक्टर लावून जनावरं हलवा. चारा आधी छावणीत पोचवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी माणूस परत गोठ्यात जातो.

नियमानंच: ते मीच लिहिलंय आणि ठाम आहे. सांगली जिल्ह्यातलं ब्रह्मनाळ विसरलात? ८ ऑगस्ट २०१९, पुरात बोट उलटून माणसं गेली. बोट गावातलीच, माणसं क्षमतेपेक्षा जास्त. बुडालेल्या उसावरून बोट नेली की पंख्यात पाला नाहीतर कुंपणाची तार अडकते, इंजिन बंद पडतं. लोक घाबरून एका अंगाला सरकतात आणि बोट उलटते.

वारणेचा: यात अलमट्टीचं नावच नाही! कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या त्या धरणाची पाणीपातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ ला न्यायची म्हणतात. आमची घरं बुडाली तर बोटी मोजत बसायचं?

नियमानंच: २०१९ च्या पुराचा अभ्यास करणाऱ्या सरकारी वडनेरे समितीनं अलमट्टीला दोषी धरलेलं नाही.

वारणेचा: समितीचं आम्हाला सांगू नका! सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४५ फूट धोका, २०१९ ला पाणी ५७ वर गेलं. हे पाणी तुंबलं कशानं?

भरावविरोधी: पावसानं आणि भरावानं. पूररेषेत मुरूम टाकून प्लॉट पाडले, ओढ्यांची तोंडं बुजवली. कर्नाटकाला शिव्या घालणं सोपं, गल्लीतल्या बिल्डरला अडवणं अवघड.

वारणेचा: भराव आहेत, मान्य. म्हणून अलमट्टी सुटत नाही.

भोगावतीकाठ: धरणाचा वाद जुलैत मिटणार नाही, पाणी जुलैतच येणार. नियमानंच, ब्रह्मनाळचं तुमचं खरं आहे. पण त्यावर गावाची बोट काढून घेणं हा इलाज नव्हे. मे महिन्यात इंजिन चालवून बघा, बोटीच्या काठावर किती माणसं बसवायची तो आकडा रंगवा, जॅकेट जेवढी तेवढीच माणसं बसवा. गल्लीवार यादी करा: डायलिसिसचे पेशंट, गरोदर बायका, अंथरुणावरची म्हातारी माणसं. ही यादी आशाताईंकडूनच मिळेल, बाहेरच्या पथकाकडे ती कुठून असणार?

नियमानंच: यादीचं पटलं. बोट मात्र प्रशिक्षण झालेल्याच हातात, आणि सुटायची की नाही हे तहसीलदार ठरवणार.

भोगावतीकाठ: तहसीलदारांचा फोन लागला नाही तर?

नियमानंच: मग तो अधिकार कुणाचा, ते मे महिन्यातच लेखी ठरवून घ्या.