धुळे ते नेर, पांझरेच्या काठाने एकटीने सायकल: वाट कशी आहे?

देवपूरची_सायकल

नमस्कार. मी देवपूरला राहते, वय ४४. दोन वर्षं रोज सकाळी सायकल चालवते, घर ते नकाणे तलाव आणि परत. गिअरची सायकल आहे, टायर मध्यम जाडीचे. आता जानेवारीतल्या एखाद्या रविवारी एकटीनेच नेरपर्यंत जाऊन यायचं मनात आहे. हायवेवर ट्रकांच्या बाजूने दिवसभर चालवायची इच्छा नाही, जमेल तेवढं नदीकाठाने जायचंय. विचारायचं हे की नकाण्याच्या पुढे काठाने वाट आहे का, आणि पंक्चरचं काय करायचं? मागच्या महिन्यात एका आठवड्यात तीनदा पंक्चर झालं. दुकानात दर वेळी ट्यूब बदलून दिली, पैसे घेतले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हवा गेलेली.

जुना_मेकॅनिक

ताई, ही फेरी मी पाच हिवाळ्यांपासून करतोय, वय ६३. एसटीच्या वर्कशॉपमध्ये उमर गेली, त्यामुळे आधी पंक्चरचंच सांगतो.

तुमच्या ट्यूबमध्ये दोष नाही, काटा टायरमध्येच राहिलाय. आपल्याकडे नदीच्या काठाने सगळी वेडी बाभूळ माजली आहे. तिचा काटा टायरमध्ये शिरतो, बाहेरचं टोक मोडून पडतं आणि आतलं टोक रबरात रुतून बसतं. बाहेरून काही दिसत नाही. नवी ट्यूब घातली, हवा भरली की ते टोक पुन्हा टोचतं. बोट फिरवून शोधायला गेलात तर बोटालाही लागत नाही, इतकं बारीक असतं. म्हणून कापूस घ्या. चिमूटभर कापूस टायरच्या आतल्या बाजूने हळूहळू गोल फिरवायचा. जिथे टोक असेल तिथे कापसाचा एक तंतू अडकून राहतो. तिथे खूण करायची, टायर उलटा वाकवायचा आणि नखं काढायच्या चिमट्याने किंवा पक्कडीने ते टोक आतून ओढायचं. मग पुन्हा एकदा कापूस फिरवायचा, कारण एका टायरमध्ये तीन-तीन टोकं मी स्वतः काढली आहेत. सराट्याचं वेगळं. तो वर चिकटलेला दिसतो, पण घाईने उपटू नका. व्हॉल्वपासून किती अंतरावर आहे ते पाहून ठेवा म्हणजे ट्यूबमधलं भोक लगेच सापडतं.

सोबत दोन ट्यूब, पट्ट्या, सोल्युशन, पॉलिश पेपर, पंप आणि कापूस. सोल्युशन लावल्यावर बोटाला चिकटायचं थांबेपर्यंत वाट पाहायची, मगच पट्टी दाबायची. बहुतेक जण इथेच घाई करतात.

आता वाट. शहरातून निघताना साक्री रोड धरू नका. एकवीरादेवीच्या देवळाकडून नदीकाठच्या रस्त्याला लागा. सकाळी तिथे फिरायला येणारी माणसं असतात, एकटं वाटत नाही. जुन्या आग्रा रोडवर मात्र भाजीच्या गाड्या लागायच्या आत पलीकडे व्हा. नकाण्याच्या पुढे सलग काठवाट नाही, ती आशा सोडा. कुसुंब्यापर्यंत बराचसा हायवेच आहे, पांढऱ्या पट्टीच्या डावीकडून चालवायचं. पुढे गावागावातून खाली उतरून पाटाच्या कडेने जाता येतं, आणि तिथेच या फेरीचं खरं सुख आहे.

माझे आजोबा याच नदीवर पाटकरी होते, म्हणजे पाटाचं पाणी वाटून देणारे. पांझरेवर जुने बंधारे एकामागून एक आहेत, प्रत्येकाचा पाट वेगळा, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे भाग, पाडलेले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. एका फडात ऊस असला तर दुसऱ्यात गहू-हरभरा. नदीला पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड पाण्याविना ठेवायचा, त्यात कोणाचीही जमीन असो. पाणी कोणाला कधी द्यायचं ते पाटकरी ठरवायचा, शेतकऱ्याने स्वतः बारं, म्हणजे शेतात पाणी घ्यायची वाट, फोडायचं नाही. आजोबांना मोबदला धान्यात मिळायचा. लहानपणी मी त्यांच्या मागे पाटाच्या कडेने चालायचो, खांद्यावर फावडं, अनवाणी. त्या वाटेवर मी सायकल जोरात चालवतच नाही. तुम्ही गेलात तर एखाद्या बंधाऱ्यावर थांबा. दगडी भिंतीवरून पाणी कसं पसरून पडतं ते पाहा आणि पाटाचं तोंड कुठे फोडलंय ते शोधा. पाटाचा उतार इतका कमी असतो की पाणी चालतंय की थांबलंय हे पाण्यावरचं पान बघितल्याशिवाय कळत नाही.

नेर तीस किलोमीटरच्या आतच आहे. जाताना नदीच्या उगमाकडे म्हणजे सगळा बारीक चढ, डोळ्यांना दिसत नाही पण मांड्यांना कळतो. येताना तोच उतार मिळतो. उन्हाळ्यात आणि पावसाच्या तोंडावर वारा पश्चिमेकडून समोर येतो, त्या दिवसांत नका जाऊ. जानेवारी चांगला. सातच्या आधी निघू नका, धुळ्याची थंडी तुम्हाला माहीत आहे, हातमोजे नसतील तर ब्रेक दाबताना बोटं वळत नाहीत.

नेरकर

काकांनी वाटेचं बरोबर सांगितलंय. एक भर घालतो. निघण्याआधी वरच्या अक्कलपाडा धरणातून आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, सुटलंय का ते विचारून घ्या. सुटलं असेल तर फरशी पुलावरून पाणी वाहतं, वर शेवाळ असतं. पाणी घोट्याएवढं दिसलं तरी सायकल घेऊन उतरू नका, वरून फिरून या. ऑगस्ट २०१९ मध्ये हीच नदी धुळ्यात पुलांवरून गेली होती. दुसरं, जानेवारीत ऊसतोड चालू असते. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या असतात आणि वळणावर मागची ट्रॉली आत येते. समोरून आला की सायकल थांबवून उतरून उभ्या राहा. पाण्यासाठी कोणत्याही मळ्यात हाक मारा, कोणी नाही म्हणणार नाही.

गिरणाकाठची

मी जळगावची. गिरणेच्या बाजूने कानळद्यापर्यंत एकटी जाते, म्हणून लिहिते. घरी फक्त ‘जाऊन येते’ असं सांगू नका. कुठल्या गावाला किती वाजता पोचणार ते कागदावर लिहून ठेवा आणि प्रत्येक ठिकाणाहून एक फोन करा. गावात शिरताना थांबून एखाद्या बाईला वाट विचारायची. वाट माहीत असली तरी विचारायची. दहा मिनिटांत आख्ख्या गावाला कळतं की ही बाई कोण, कुठे चालली. मला त्याचा फार आधार वाटतो.

देवपूरची_सायकल

काल जाऊन आले. मीटरवर ६४ किलोमीटर झाले, थांबण्यासकट जवळजवळ सात तास लागले.

काका, आदल्या रात्री कापूस फिरवला. मागच्या टायरमध्ये दोन टोकं निघाली, त्यातलं एक तिळाएवढंही नव्हतं. महिनाभर मी त्या दोन टोकांसाठी ट्यूबा विकत घेत होते! काल एकदाही हवा गेली नाही.

नेरच्या अलीकडे पाटाच्या कडेला थांबले होते. पाण्यावर बाभळीचं एक पान होतं, तुम्ही सांगितलं म्हणून बघत बसले. माझी पाण्याची बाटली संपेपर्यंत ते हातभर पुढे गेलं. हरभऱ्याच्या वावरातून एक आजी आल्या. “एकलीच शे का वं माय?” म्हणाल्या. हो म्हटलं, तर काही न बोलता टहाळाची जुडी हँडलला बांधून दिली. परत येताना ते घाटे खात खात आले. कुसुंब्यापासून पुढे उतार खरंच जाणवला. हायवेचा तुकडा मात्र आवडला नाही, ट्रक गेला की सायकल हलते.

आता पुढची फेरी उलट्या दिशेने करायची आहे. नदीबरोबर खाली, बेटावदवरून मुडावदला, पांझरा जिथे तापीला मिळते तिथवर. काका, एका दिवसात जाऊन-येऊन होईल?

जुना_मेकॅनिक

जाऊन-येऊन नको ताई. सकाळी जा, संगमावर कपिलेश्वराचं दर्शन घ्या आणि मुक्काम करा किंवा घरच्यांना गाडी घेऊन बोलवा. येताना सगळा चढ लागेल आणि दुपारचं ऊन डोक्यावर. त्याआधी मागचा टायर एकदा दाखवायला आणा. दोन टोकं निघाली म्हणजे त्याचं रबर पातळ झालं असेल. तिकडच्या वाटेला सराटे जास्त आहेत.