वाचतात माणसंच, पण जोडीने

‘प्रवेशाचे चाळीस-पन्नास हजार अर्ज कोण वाचणार, मार्कांवर संगणकच चाळणी लावत असणार’ असं अनेकांना वाटतं, पण ते अमेरिकेतल्या निवडक कॉलेजांना फारसं लागू होत नाही. वेळ कमी मिळतो हे खरं, पण वाचतात माणसंच. पूर्वी एक जण अख्खी फाइल वाचून टिपणं काढायचा, मग तीच दुसऱ्याकडे जायची. टिपणं लिहिण्यातच निम्मा जीव जायचा. युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनियाने 2013च्या सुमारास जोडवाचन सुरू केलं आणि नंतर इतरांनीही ते उचललं. दोघं एकाच वेळी एकच फाइल उघडतात. अर्जदाराच्या भागातल्या शाळा माहीत असलेला गुणपत्रक, शिफारसपत्रं आणि शाळेचं प्रोफाइल (शाळेने स्वतःबद्दल दिलेली एक-दोन पानी माहिती) बघतो, दुसरा निबंध आणि उपक्रम. मग बोलून तिथल्या तिथे शेरा मारतात. पाच-सात मिनिटांत फाइल बंद! हार्वर्डची तऱ्हा निराळी: 1 ते 6 श्रेणी (1 सर्वोत्तम), प्रदेशवार उपसमिती, शेवटी पूर्ण समितीत मतदान.

आपली मुलं अडकतात ती शाळेच्या प्रोफाइलपाशी. बारावीचे 84 टक्के त्या कॉलेजात वरचे की मधले, हे त्या एक-दोन पानांवरूनच कळतं. ज्युनिअर कॉलेजात समुपदेशक नसेल तर प्राचार्यांकडून ते करून घ्या, गुणांची विभागणी त्यात हवीच. आणि कॉमन अॅपमध्ये (अनेक कॉलेजांसाठी एकच ऑनलाइन अर्ज) प्रत्येक उपक्रमाच्या वर्णनाला फक्त 150 अक्षरं मिळतात, मोकळ्या जागा धरून. ती संस्थेच्या लांबलचक नावात घालवू नका.