मदत हवी आहे: तुकोबांच्या एका अभंगातली लय आणि सूर

‘कन्या सासुर्‍यासी जाये’ हा तुकोबांचा अभंग पाठ करतेय. सुरुवातीचे चारही चरण नेमके 8 अक्षरांचे, ‘जाये’-‘पाहे’, ‘जिवा’-‘केशवा’ अशी यमकं. पाळण्यासारखी लय लागते. पण ‘जीवनावेगळी मासोळी’ इथे अक्षरं होतात 9, आणि ‘तैसा तुका म्हणे तळमळी’मध्ये 10. म्हणताना दरवेळी अडखळते. तळमळ वाढते तशी लयही मोडते, असं समजू का? की गाताना अक्षरं ओढून-दाबून बसवायची असतात?

दुसरं, ‘केव्हां भेटसी केशवा’ हा सूर कुठला? मला त्यात शंका अजिबात ऐकू येत नाही. माहेर आहेच, या खात्रीवरच लेक मागे वळून बघते ना! मग ही विनवणी की हक्काची तक्रार? कीर्तन-भजन करणाऱ्यांनी जरूर सांगा, तुम्ही इथे आवाज चढवता की उतरवता?